खिडकीतला आश्रित

पंख्यांच्या कुळातही मानपान आहे. छताचा पंखा म्हणजे घरातला कर्ता पुरुष. बैठकीच्या बरोब्बर मध्यावर, सगळ्यांच्या डोक्यावर, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच्या खाली जागा मिळावी म्हणून धडपडायचं. टेबल फॅन म्हणजे जावई. तो आला की त्याच्यासाठी स्टूल शोधा, वायर पुरते का बघा, आणि मग तो मान वळवत वळवत ज्याच्याकडे बघेल त्याने तेवढ्यापुरतं धन्य व्हा. उभा पंखा हा लग्नाच्या हॉलमधला व्याही. उंची मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि वारा फक्त वरपक्षाकडे. या सगळ्यांच्या शेवटी, स्वयंपाकघरात, खिडकीच्या वरच्या तावदानाची काच काढून त्या भोकात बसवलेला एक पंखा असतो. त्याला आपण एक्झॉस्ट म्हणतो. तो घरातला आश्रित. त्याची पाठ घराकडे आणि तोंड गल्लीकडे. घरात काय शिजतं ते त्याला सगळं ठाऊक, पण पंगतीला त्याला कोणी विचारत नाही. पाहुण्यांना घर दाखवताना आपण फ्रिज दाखवतो, मिक्सर दाखवतो. 'हा आमचा एक्झॉस्ट' अशी ओळख करून दिल्याचं ऐकिवात नाही.

पुस्तकांची परीक्षणं छापून येतात. नाटकांची येतात. आमच्या नाशकात तर मिसळीचीसुद्धा इतकी साधकबाधक चर्चा होते की तर्रीच्या रंगावरून दोन भावांनी अबोला धरावा. पण जी वस्तू घरातल्या एका माणसाच्या डोक्याशी रोज तीन-चार तास घरघरते, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हे परीक्षण. परीक्षणासाठी दोन पंखे आले होते, म्हणजे आम्ही ते पैसे देऊन आणले होते. दोन्ही आता हयात नाहीत.

आधी स्थळ सांगितलं पाहिजे, कारण या प्रकरणात स्थळाला महत्त्व आहे. आम्ही राहतो एकलहऱ्याला. नाशिकरोडच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी. गावाच्या नावातच एक लहर आहे, पण ती मे महिन्यात दुपारी कुठे जाते याचा शोध लागलेला नाही. नाशिकची हवा थंड, असं ज्यांनी म्हटलं ते बहुधा डिसेंबरात येऊन गेले असावेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि माणसाच्या चाळिशीत येतं तितकंसुद्धा शहाणपण त्याला येत नाही.

तर एकलहरे हे विजेचं गाव. औष्णिक केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले, प्रत्येकी १४० मेगावॅटचे. मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन म्हातारे होऊन बंद झाले. उरलेल्या तिघांची ताकद होते ६३० मेगावॅट. आमच्या स्वयंपाकघरातला पंखा होता ४० वॅटचा. एके दिवशी पंखा बंद असताना करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही भागाकार केला. हे तीन संच पूर्ण ताकदीने चालले तर त्या विजेवर एक कोटी सत्तावन्न लाख पन्नास हजार एक्झॉस्ट फॅन एका वेळी फिरतील. फिरतील म्हणजे, ते फिरण्याच्या स्थितीत असतील तर. आमचा त्या एक कोटी सत्तावन्न लाख पन्नास हजारांतला एक. तो फिरत नव्हता.

बरं, नुसती वीजच नव्हे. जवळच नाशिकरोडला नोटा छापतात. पलीकडे ओझरला लढाऊ विमानं तयार झाली, मिग झालं, सुखोई झालं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून विजेची बटणं आणि पेट्या देशभर जातात. म्हणजे ज्या जिल्ह्यात पंखा घ्यायला लागणारी नोट तयार होते, तो चालवायला लागणारी वीज तयार होते, आणि आवाजाच्या वेगाला मागे टाकणारं विमान तयार होतं, त्या जिल्ह्यातल्या बाईला दोन उन्हाळे टिकणारा खिडकीतला पंखा मिळू नये, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पंख्यावर एवढा राग का? छताचा पंखा लावा की स्वयंपाकघरात! तुम्ही असं म्हणत असाल तर तुम्ही पुरुष आहात आणि तुम्ही कधी पोळ्या लाटलेल्या नाहीत. छताचा पंखा लावला की गॅसची ज्योत आधी झुकते, मग निळ्याची पिवळी होते, मग तवा तापतो तो एका बाजूनेच, आणि परातीतलं पीठ पोळीऐवजी भिंतीवर जातं. म्हणून घरातल्या सगळ्यात गरम खोलीत पंखा नसतो. ज्या खोलीत आपण आडवे पडून वर्तमानपत्र वाचतो तिथे असतो. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला वारा द्यायची सोय नाही; निदान तिच्या भोवतालची उकळलेली हवा तरी बाहेर काढावी, एवढीच या आश्रिताकडून अपेक्षा. वारा दे असं कोणी म्हणतच नाही. फक्त धूर ने.

पहिला पंखा आम्ही नाशिकरोडला बिटकोच्या आसपास एका दुकानातून आणला. दुकानाचं नाव सांगत नाही. तो दुकानदार गरीब होता, त्याने फक्त खोकं विकलं. खोकं फारच सुंदर होतं. पुस्तकाच्या परीक्षणात मुखपृष्ठाबद्दल एक वाक्य लिहायची पद्धत आहे, ते इथे लिहितो. खोक्यावर एक स्वयंपाकघर होतं, त्यात आमचा अख्खा ब्लॉक गॅलरीसकट मावला असता. मधोमध एक बाई, पांढरीशुभ्र साडी नेसलेली, एका टोमॅटोकडे पाहून हसत होती. शेगडी पेटलेली नव्हती. कढई नव्हती. फोडणीचा पत्ता नव्हता. अशा स्वयंपाकघरात कोणताही पंखा उत्तम चालेल, किंबहुना नसला तरी चालेल.

मुखपृष्ठानंतर प्रस्तावना, म्हणजे वॉरंटी कार्ड. दोन वर्षांची हमी. त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अपवाद. पाती, झडपा, जाळी आणि चौकट प्लॅस्टिकची असल्यामुळे हमीत नाहीत. कमी-जास्त दाबामुळे वायंडिंग जळाल्यास हमी नाही. तेलकट जागी बसवल्यास हमी नाही. हे शेवटचं वाचून आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्वयंपाकघरातल्या धुरासाठी केलेला पंखा तेलकट जागी बसवायचा नाही, हे म्हणजे छत्री पावसात उघडू नये असं छत्रीवर लिहिण्यासारखं झालं. सगळे अपवाद वजा जाता हमी उरली ती चार स्क्रूंची. ते खोक्यात तीन निघाले.

आता मजकुराकडे वळू. पाती नऊ इंची. ताशी साडेपाचशे घनमीटर हवा बाहेर टाकतो, असं लेबलवर लिहिलेलं. आमचं स्वयंपाकघर दहा फूट बाय आठ फूट, उंची दहा. म्हणजे आठशे घनफूट, सुमारे साडेबावीस घनमीटर. गणिताप्रमाणे त्यातली सगळी हवा अडीच मिनिटांत बदलायला हवी. प्रत्यक्षात सकाळी सव्वासातला घातलेली लसणाची फोडणी आम्हांला दुपारी जेवताना पुन्हा भेटायची, आणि रात्री अंथरुणात निरोप घ्यायला यायची.

इथे पंखा उघड खोटं बोलतो असं मात्र म्हणता येणार नाही. तो आकडा मोकळ्या हवेत मोजलेला असतो. मोकळ्या हवेत, म्हणजे पंख्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. आपण त्याला भोकात बसवतो, त्याच्या पुढे त्याच्याच कारखान्याने दिलेल्या झडपा असतात, त्याच्यापुढे चिमण्या येऊ नयेत म्हणून आपण लावलेली जाळी. शिवाय बाहेर टाकायला हवा आत कुठून तरी आली पाहिजे. मांजर येतं म्हणून दार लावलेलं आणि डास येतात म्हणून खिडकी लावलेली, तर बिचारा ओढणार काय? एवढं त्याच्या बाजूने बोलून झाल्यावर सांगतो, की आम्ही दार उघडं ठेवलं, खालची खिडकी उघडी ठेवली, आणि रद्दीच्या पानाचा चतकोर तुकडा आतल्या जाळीला लावून बघितला. पंख्यात दम असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. आमचा कागद सुरुवातीला दोन महिने चिकटला. तिसऱ्या महिन्यात तो जाळीपाशी थोडा रेंगाळून खाली पडू लागला. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी तर आमच्याकडेच उडून आला. आमच्या खिडकीचं तोंड पश्चिमेला. दुपारी बाहेरून वारा सुटला की पंखा एका दिशेने फिरतो आहे आणि धूर दुसऱ्या दिशेने येतो आहे, असं विलोभनीय दृश्य दिसायचं. लहान पात्याच्या पंख्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याला रेटायची ताकद मुळातच थोडी असते. म्हणून तर झडपा दिलेल्या असतात. पण त्या झडपा तोवर तेल आणि कणकेच्या धुळीने एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की दोन मिटलेल्या, एक अर्धवट उघडी, आणि एक खाली वहिनींच्या तुळशीत.

आवाजाबद्दल लिहिलं नाही तर परीक्षण अपुरं राहील. नवा असताना त्याने स्वच्छ आकार लावला. पावसाळ्यात त्याला खरखर सुटली. दिवाळीच्या फराळात, चकल्यांच्या घाण्याच्या वेळी, त्याने एक नवीन जागा घ्यायला सुरुवात केली: दर चौथ्या फेऱ्याला 'टक्'. आमचे चिरंजीव त्या टक्च्या ठेक्यावर पाढे म्हणायचे. होळीला तो नुसता 'हूं' म्हणून थांबला. बटण दाबलं की 'हूं', म्हणजे ऐकलं आहे, पण येत नाही. घरातल्या काही माणसांचीही अशी सवय असते; त्यांना निदान वायंडिंग नसतं.

इलेक्ट्रिशियन आला तो मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाला, "बुश गेला असंल, काका." पंखा न बघता निदान करणारे पूर्वी वैद्य असत. त्याने बोटाने पातं हलवलं, दांडा वेडावाकडा हलला. "बघा. बुश अंडाकृती झालाय."

त्याचं ज्ञान आम्ही चहा देऊन विकत घेतलं, ते असं. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची छोटी कडी म्हणजे बुश. तिला तेल पाजलेली असते, भोवती तेलात भिजवलेल्या नमद्याचा तुकडा असतो. स्वयंपाकघराच्या उष्णतेने ते तेल सुकतं. त्याच वेळी पात्यांवर तुपकट राप चढतो, पण तिन्ही पात्यांवर सारखा चढत नाही. एक पातं जड होतं. जड पातं दांड्याला ओढतं, दांडा बुशला घासतो, बुश झिजतो. मोटरच्या फिरणाऱ्या आणि स्थिर भागांत जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीची फट असते. दांडा कलला की दोन्ही एकमेकांना चिकटू बघतात. मग पंखा फिरत नाही, पण वीज घेतच राहतो. न फिरता घेतलेली वीज म्हणजे उष्णता. शेवटी वायंडिंग जळतं आणि घरात एक असा वास पसरतो, जो बाहेर टाकायला एक्झॉस्ट फॅन लागतो.

"बुशच्या जागी बॉल बेअरिंग का नाही घालत?" आम्ही विचारलं.

"घालतात की. थोडं महाग पडतं."

"मग घालावं!"

"कोण बघतंय, काका?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक रंग बघतंय. पांढरा आहे का ऑफ-व्हाइट?"

या एका वाक्यावर मी हे सगळं परीक्षण बेतलं आहे. पंखा विकत घेतो तो बैठकीत बसणारा. त्याच्याखाली उभी राहते ती ओट्यापाशी. घेणारा वर्षातून एकदा, दुकानात, दोन मिनिटं बघतो, आणि त्याला जे दिसतं तेवढंच कारखान्याने चांगलं केलेलं असतं: खोकं, रंग, समोरची जाळी. जे दिसत नाही तिथे काटकसर. वापरणारीला विचारलं असतं तर तिने रंग विचारला नसता. तिने विचारलं असतं, हा पुसायला निघतो कसा? कारण तो निघत नाही. जाळीच्या चार खुट्ट्या असतात. पहिल्यांदा काढली की दोन तुटतात, दुसऱ्यांदा उरलेल्या दोन. मग पातं काढायचं. त्याची चाकी उलट्या आट्याची, सगळं जग ज्या बाजूने सैल होतं त्या बाजूने ती घट्ट होते. हे कुठेही लिहिलेलं नसतं. आमची ही ओट्यावर चढून, एका हातात सोड्याच्या पाण्याचं फडकं आणि दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरून जाळीच्या फटींतून पाती पुसायची. तीन पात्यांची पुढची बाजू पुसली जायची. मागच्या बाजूपर्यंत हात पोचेल असं मनगट परमेश्वराने अजून घडवलेलं नाही.

दुसरा पंखा महागातला आणला. उगाच कोणी म्हणायला नको की स्वस्तातलं घेतलं आणि रडत बसले. त्याच्या खोक्यावर बाई नव्हती, नुसतं एक पान वाऱ्यावर तरंगत होतं. कला पुढे गेली होती. रंग मोतिया. झडपा आपोआप मिटणाऱ्या. इलेक्ट्रिशियनने बसवताना मागचं झाकण काढून आत डोकावून बघितलं आणि एखादा जुना ओळखीचा भेटावा तसा तो हसला. "काका, मोटर तीच आहे." किमतीतला फरक सगळा दर्शनी भागात गेला होता. हा पंखा पहिल्यापेक्षा चार महिने जास्त जगला. चार महिन्यांना भागून बघितलं तर मोतिया रंग फार महाग पडतो.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. अण्णा केंद्रातून निवृत्त झाले ते बॉयलरच्या देखभालीतून. त्यांच्या स्वयंपाकघरात अजून एक लोखंडी पंखा आहे, सत्तरीच्या दशकातला, काळपट हिरवा, समोर जाळी नाही, वजन दोन माणसांचं. तो चालू केला की आमच्या घरातले कप वाजतात. या पंख्याकडे बघून उसासे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, की पूर्वीच्या वस्तू कशा दणकट होत्या वगैरे. मी ती पद्धत पाळणार नाही. तो पंखा वीज राक्षसासारखी खातो, त्याच्या पात्यात मुलाचं बोट जाऊ शकतं, आणि अण्णांच्याच सांगण्याप्रमाणे तो घ्यायला त्यांनी दोन महिने ओव्हरटाइम केला होता. आपण आज एका जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत पंखा आणतो आणि त्याने नातवंडं बघावीत अशी अपेक्षा धरतो, हेही कबूल केलं पाहिजे. तरीपण एक गोष्ट उरतेच. अण्णांच्या पंख्याला वरती तेल घालायचं एक भोक आहे. त्यावर छोटंसं झाकण. दसऱ्याला अण्णा त्यात शिलाईमशीनच्या तेलाचे चार थेंब टाकतात, आणि वर्षभर विषय संपला. नव्या पंख्यात ते भोक नाही. त्या भोकाची किंमत किती असेल? भोक म्हणजे तर उलट धातू कमी लागतो.

अण्णांनीच आमच्या ज्ञानात मोलाची भर घातली. "अहो, आमच्या बॉयलरला पण एक्झॉस्ट असतो," ते म्हणाले. "आय. डी. फॅन. भट्टीतला धूर ओढून चिमणीला देतो. तुमच्यासारखंच काम. फक्त आत शिरून माणूस उभा राहील एवढा."

"तो किती वर्षं चालतो?"

"चालतो म्हणजे? चालवावा लागतो. त्याच्या बेअरिंगचं तापमान आम्ही दर तासाला वहीत लिहायचो. दिवाळीच्या रात्रीसुद्धा. जरा चढलं की धावाधाव."

"आणि बंद पडला तर?"

"दोन असतात. एक पडला तर संच निम्म्या लोडवर आणावा लागतो. तसा नियमच आहे. धूर जाणार नसेल तर जाळायचं नाही."

आमची ही तिथेच चकल्यांचा सोऱ्या परत द्यायला आली होती. ती म्हणाली, "बरं आहे हो अण्णा तुमच्या बॉयलरचं. आमच्याकडे पंखा बंद पडला म्हणून कोणी दोन पोळ्या कमी खाल्ल्या असं काही झालं नाही."

अण्णा गप्प झाले. त्यांच्या ३६ वर्षांच्या नोकरीत त्यांना या मुद्द्यावर उत्तर द्यावं लागलं नसावं. मीही दारातल्या चपला नीट लावण्याच्या कामाला लागलो.

वरपासून सुधारणा होतच नाहीत असं नाही. होतात, पण त्या छताला धरून होतात. आपल्याकडे छताच्या पंख्यांना वीजबचतीच्या चांदण्या लावणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छताच्या पंख्याला मानक संस्थेची खूण सक्तीची करणारा आदेशही निघाला. आणि त्या पंख्यांनी खरोखर प्रगती केली. पूर्वी पंचाहत्तर वॅट खाणारा पंखा आता नव्या प्रकारच्या मोटरमुळे तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, आणि वर रिमोटने चालतो. म्हणजे कर्त्या पुरुषाला उठायचेही कष्ट नाहीत. चांगला पंखा करता येत नाही, ही सबब तिथेच संपली. करता येतो. ज्याच्याखाली खरेदी करणारा झोपतो तो चांगला करता येतो. खिडकीतल्या पंख्यालाही भारतीय मानक आहे, आणि ते काल-परवाचं नव्हे, कित्येक दशकांचं आहे. पण 'याला मानक आहे का?' असं दुकानात विचारून बघा. दुकानदार तुमच्याकडे अशा नजरेने पाहील की जणू तुम्ही झाडूची जन्मपत्रिका मागितली. कायद्याने जागं व्हावं तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आपल्याला जागं करते आहे, ग्राहकांचा कायदा १९८६ साली आला, २०१९ मध्ये नवा झाला. पण आठ-दहा इंची पंख्यासाठी तक्रार गुदरायची तर पावती लागते, आणि पावती ज्या डब्यात ठेवतात तो डबा स्वयंपाकघरात असतो, आणि स्वयंपाकघरातल्या तुपकट हवेत नव्या पद्धतीच्या पावतीवरची शाई सहा महिन्यांत उडून जाते. आम्ही दाखवायला काढली तेव्हा तो कोरा, गुळगुळीत, किंचित पिवळा कागद होता. दुकानदाराने तो उजेडाला धरून बघितला आणि अतिशय सौजन्याने परत दिला.

या विषयातला खरा समीक्षक आम्हांला शेवटी दारातच भेटला. गेल्या महिन्यात भंगारवाला आला. दोन्ही पंखे माळ्यावरून काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याने रंगाकडे पाहिलं नाही. मोतिया आणि पांढरा यांत त्याला काही फरक वाटला नाही. त्याने पहिला पंखा उचलून हातात तोलला आणि तोंड वाकडं केलं. मग दगडाने मोटरचं आवरण फोडलं, आतली तार ओढून काढली. तार तांबूस, चकचकीत.

"तांबं आहे ना?" आमची ही म्हणाली. तांब्याचा भाव तिला माहीत होता.

त्याने खिशातून पातं काढून तारेवर एक ओरखडा मारला. वरचा तांबूस लेप निघाला आणि खालून पांढरी चमक दिसली. "ॲल्युमिनियम, ताई. वरून नुसता कलर."

दुसऱ्याचीही तार ओढली, ओरखडा मारला. पांढरी. त्याने ती आम्हांला दाखवायचे कष्टही घेतले नाहीत.

आम्हांला दोन वर्षांत, दोन खोकी वाचून, एक दुकानदार, एक इलेक्ट्रिशियन आणि एक निवृत्त तज्ज्ञ यांच्याशी चर्चा करून जे कळलं नव्हतं, ते त्याने पाव मिनिटात सांगितलं. ॲल्युमिनियम वाईट असं नाही. त्यातून वीज तांब्यापेक्षा कमी सहजतेने वाहते, म्हणून तार जाड घ्यावी लागते. जाड घेतली तर मोटर मोठी होते, आणि मोटर मोठी झाली तर ती पूर्वीच्या चौकटीत मावत नाही. मग घेतात बारीकच. ती तापते. बुश सुकल्यावर तर फारच तापते. पुढचं इलेक्ट्रिशियनने सांगितलेलंच आहे.

"काय देतोस?" हिने विचारलं.

"प्लॅस्टिकच्या भावात जाईल, ताई."

"दोन्हीचे?"

"दोन्हीचे मिळून."

घासाघीस झाली. तिने पावशेर लसूण सुटेल एवढे पैसे वसूल केले आणि तो फार चांगला सौदा झाला असं आम्हां दोघांचं मत पडलं. त्याने पाती वेगळी केली, झडपा वेगळ्या केल्या, तारेची गुंडाळी खिशात टाकली, आणि पोतं खांद्यावर घेता घेता वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तावदानाच्या भोकात सध्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेला आहे.

"नवा बसवणार असाल ना, ताई?" त्याने विचारलं.

"बसवायचा आहे या आठवड्यात."

"मग दिवाळीनंतरच्या दिवाळीला येतो," तो म्हणाला, आणि सायकलची घंटी वाजवत पुढच्या बिल्डिंगकडे गेला.